डनॉटरचा कड्यावरचा किल्ला नेमका कशामुळे उद्ध्वस्त झाला?

दुर्गयात्री

नमस्कार. येत्या मे महिन्यात मुलीकडे ॲबरडीनला जाणे होणार आहे. तिथून दक्षिणेला स्टोनहेवन नावाचे बंदराचे गाव आहे आणि त्या गावाच्या थोडे पुढे, उत्तर समुद्रात शिरलेल्या एका उंच खडकावर डनॉटर किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. चारी बाजूंनी तुटलेले कडे, जमिनीशी जोडणारी एक अरुंद सखल पट्टी आणि माथ्यावर छपरे नसलेल्या इमारतींची दाटी, असे त्याचे रूप छायाचित्रांतून दिसते. स्कॉटलंडमध्ये किल्ले पुष्कळ आहेत. परंतु एवढ्या दूर जाऊन एकच नीट पाहायचा झाला तर तो हाच, असे मी मनाशी ठरवले आहे.

मी आजवर पाहिलेले किल्ले सह्याद्रीतले आणि कोकणातले. आपल्याकडे पडका तट दिसला की तो लाटांनी खचला, तोफांनी पडला, की १८१८ नंतर इंग्रजांनी मुद्दाम वाटा आणि दरवाजे फोडले, याचा काही एक अंदाज बांधता येतो. डनॉटरच्या छायाचित्रांवरून मला तसा अंदाज बांधता आलेला नाही. भिंती बऱ्याच उंचीपर्यंत शाबूत आहेत, खिडक्यांच्या चौकटींचे दगड जागेवर आहेत, धुराडीही उभी आहेत. पण जवळजवळ कुठेच छप्पर नाही आणि मजल्यांची जमीनही नाही. तोफांनी पाडलेला किल्ला असा दिसत नाही. समुद्राने खाल्ला असता तर कड्याच्या काठावरच्या इमारती सर्वांत आधी गेल्या असत्या, आणि त्या तर सर्वांत अधिक टिकलेल्या दिसतात.

म्हणून जाणकारांना विचारतो. हा किल्ला नेमका कशामुळे या अवस्थेला आला? त्याला सरसकट मध्ययुगीन म्हणतात; आज उभे असलेले त्यातले खरोखर मध्ययुगातले किती? आणि आठ महिन्यांचा वेढा सोसणाऱ्या या खडकावर पिण्याच्या पाण्याची काय सोय होती? उत्तरे सविस्तर आली तर फार आनंद होईल, कारण नुसते सुंदर दृश्य पाहून परत येण्याची माझी इच्छा नाही.

बखरवाचक

आपले निरीक्षण अचूक आहे. थोडक्यात उत्तर द्यायचे तर डनॉटर समुद्राने पाडला नाही आणि तोफांनीही पाडला नाही. १७१५ च्या बंडात सामील झाल्यामुळे मालकाची जहागीर जप्त झाली, ती विकली गेली आणि विकत घेणाऱ्यांनी वाड्यातले मोल येण्याजोगे सगळे काढून नेले. परंतु एवढ्यावर थांबलो तर या खडकावर अन्याय होईल, कारण तो त्याआधी किमान दोनदा जळालेला आणि प्रत्येक वेळी पुन्हा बांधला गेलेला आहे. अठराव्या शतकात मात्र तो पुन्हा बांधणारे कोणी उरले नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तो आहे.

आयर्लंडच्या जुन्या वर्षवार नोंदींमध्ये ६८१ आणि ६९४ या साली ‘डून फॉइथर’ला वेढा पडल्याचे आले आहे आणि ते ठिकाण म्हणजे डनॉटर, असे सामान्यतः मानतात. ९०० च्या सुमारास राजा दुसरा डोनाल्ड इथे मारला गेला, आणि ९३४ मध्ये वेसेक्सचा राजा ॲथेलस्टन स्वारी करत इथवर आला, अशाही नोंदी आहेत. इथे सावध राहणे मात्र आवश्यक आहे. १९८० च्या दशकात या खडकावर उत्खनन झाले तेव्हा त्या प्राचीन काळातल्या तटबंदीचा मागमूस लागला नाही, त्यामुळे तो जुना कोट याच खडकावर होता की किनाऱ्यावरच्या शेजारच्या एखाद्या भुशिरावर, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. माहितीपुस्तिकांत हे दुमत बहुधा सांगितले जात नाही.

पक्की जमीन लागते ती तेराव्या शतकात. १२७६ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या बिशपने इथल्या चर्चचे अभिषेकपूर्वक उद्घाटन केले. हा खडक त्या वेळी परगण्याच्या देवळाची जागा होता. १२९७ मध्ये स्कॉटिश स्वातंत्र्ययोद्धा विल्यम वॉलेस याने इथल्या इंग्रज शिबंदीला चर्चमध्ये कोंडून जाळले आणि चार हजार माणसे मेली, ही कथा आपल्याला तिथे नक्की ऐकायला मिळेल. ती सुमारे पावणेदोनशे वर्षांनी रचलेल्या एका वीरकाव्यातून आलेली आहे. या माथ्याचे सगळे क्षेत्रफळ साडेतीन एकरांच्या आसपास आहे. तिथे चार हजारांची फौज मावणे शक्य नाही, हे आपल्यासारख्या किल्ले पाहणाऱ्या माणसाला सांगायला नको. किल्ला वॉलेसने घेतला असेल, आगही लागली असेल. आकडा मात्र कवीचा आहे. त्यानंतर १३३६ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने आठ जहाजांतून माणसे आणि सामान पाठवून हा किल्ला दुरुस्त करवला, त्यात १६० शिपाई ठेवले, आणि ते वर्ष संपण्याच्या आत अँड्र्यू मरी याने तो परत जिंकून उद्ध्वस्त केला.

आज उभ्या असलेल्या इमारतींचा आरंभ यानंतरचा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम कीथ याच्याकडे हा खडक आला. कीथ घराण्याकडे स्कॉटलंडच्या मारिशलचे, म्हणजे राजाच्या घोडदळाचे आणि दरबारी शिस्तीचे, वंशपरंपरागत पद होते. त्याने इथे दगडी बुरूजवाडा बांधला, आणि देवाला वाहिलेल्या जमिनीवर बांधकाम केले म्हणून बिशपने त्याला धर्मबहिष्कृत केले. प्रकरण आव्हिन्यॉंच्या पोपपर्यंत, तेराव्या बेनेडिक्टपर्यंत गेले, आणि चर्चला भरपाई देण्याच्या अटीवर १३९५ मध्ये बहिष्कार उठला. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा तो उंच बुरूजवाडा आपल्याला प्रवेशद्वारातून वर आल्यावर नैर्ऋत्येच्या काठावर दिसेल. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच इमारतीत आहे. हा बुरूजवाडा आणि देवळाचा काही भाग वगळला, तर डोळ्यांना दिसणारे बहुतेक सगळे बांधकाम सोळाव्या आणि सतराव्या शतकातले आहे. खालचा भक्कम दरवाजा आणि त्याच्या शेजारची, खडकात कोरून वर चढवलेली, तोफांसाठी तीन थरांत रुंद जंग्या ठेवलेली इमारत १५७५ च्या आसपासची आहे.

ईशान्येच्या बाजूला चौकाभोवती जो मोठा वाडा आहे, त्याकडे माझे विशेष लक्ष वेधले गेले, कारण तिथे किल्ला संपून घर सुरू होते. पश्चिमेच्या सोप्यात एकसारख्या सात खोल्या ओळीने आहेत, प्रत्येकीचे दार चौकात उघडते, आणि त्यांच्यावर सुमारे ३५ मीटर लांबीचे दालन होते, ज्याचे छत कोरीव ओक लाकडाचे होते. तोफा ठेवण्याचा विचार करणारा माणूस असे दालन बांधत नाही. हे बांधणारा, कीथ घराण्यातला पाचवा अर्ल (हा सरदारी किताब) जॉर्ज कीथ हा त्या काळातल्या अत्यंत श्रीमंत आणि सुशिक्षित सरदारांपैकी एक होता; ॲबरडीनचे मारिशल कॉलेज त्यानेच १५९३ मध्ये स्थापन केले. आपण मुलीकडे जाल तेव्हा ते नावही पाहायला मिळेल.

आता वेढ्याविषयी. १६५१ च्या जानेवारीत स्कून इथे दुसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला तेव्हा एडिंबरा राजसत्ता उलथवणाऱ्या इंग्लंडच्या सेनानी क्रॉमवेलच्या ताब्यात गेले होते, म्हणून मुकुट, राजदंड आणि राजतलवार ही राजचिन्हे परत तिथे न्यायची सोय उरली नव्हती. ती डनॉटरला आणली गेली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात इंग्रजांनी किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार जॉर्ज ओगिल्व्ही याच्याकडे सत्तरच्या आतबाहेर माणसे होती. तरीही किल्ला १६५२ च्या मेपर्यंत लढला, कारण जड तोफा आणल्याशिवाय या खडकाचे काही बिघडत नव्हते आणि त्या आणायला वसंत उजाडावा लागला. तोफा लागल्यावर दहाएक दिवसांत, २४ मे १६५२ रोजी, ओगिल्व्हीने किल्ला दिला. पण ज्यासाठी वेढा घातला होता ती राजचिन्हे तोवर किल्ल्यातून निघून गेली होती. मारा झाला, नुकसान झाले, हे खरे. तरीही त्यानंतर ३३ वर्षांनी सरकारने तुरुंग म्हणून हाच किल्ला वापरला आणि पुढे १७१५ पर्यंत तो घराण्याकडे होता, यावरून तोफांनी तो संपला नाही हे स्पष्ट होते.

तो संपला तो दहाव्या अर्लच्या काळात. जॉर्ज कीथ आणि त्याचा भाऊ जेम्स हे दोघेही पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने १७१५ च्या उठावात उतरले. उठाव फसला आणि दोघे परदेशी गेले. जप्त झालेली मालमत्ता यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीने घेतली. ही कंपनी मुळात लंडनला थेम्सचे पाणी पुरवण्यासाठी निघालेली होती, आणि जप्त जहागिरी स्वस्तात घेऊन पैसा करण्याच्या व्यवहारात ती शिरली होती. तिच्या हिशेबात डनॉटर म्हणजे ओक लाकूड, शिसे, लोखंड आणि दगड. घराण्याची दोन मुले मात्र परमुलखात मोठी झाली: जेम्स हा प्रशियाच्या फ्रेडरिकचा फील्ड मार्शल म्हणून १७५८ मध्ये होखकिर्खच्या लढाईत पडला, आणि जॉर्ज त्याच राजाचा वकील म्हणून पॅरिस आणि माद्रिदला राहिला, नोशातेलचा गव्हर्नर झाला, आणि १७७८ मध्ये पॉट्सडॅमला वारला. १७५९ मध्ये त्याला माफी मिळाली होती. पण छपरे उतरवून चाळीस वर्षे झाली होती आणि त्याच्यामागे वारस नव्हता.

चिरेबंदी

बखरवाचकांचे विवेचन उत्तम आहे. मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आयुष्य घालवले असल्यामुळे त्यात बांधकामाच्या बाजूने भर घालावीशी वाटते, कारण छप्पर काढणे म्हणजे नेमके काय करणे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

अशा इमारतींच्या भिंती दोन तोंडांच्या असतात. आतून आणि बाहेरून बसवलेले दगड, आणि मधल्या पोटात लहानमोठे गोटे, कपऱ्या व चुना यांची भर. जोवर माथ्यावर छप्पर आहे तोवर ही भर कोरडी राहते आणि भिंत शेकडो वर्षे टिकते. छप्पर गेले की पाऊस सरळ भिंतीच्या डोक्यातून पोटात उतरतो, चुन्यातला बांधणारा अंश हळूहळू धुऊन नेतो, आणि हिवाळ्यात तेच पाणी गोठून फुगते. दोन तोंडे एकमेकांपासून सुटतात, बाहेरून भिंत पोट काढते, आणि एखाद्या वादळी रात्री ती ढासळते. आपल्याकडे पाण्याचे काम चार महिन्यांत मुसळधार होते आणि मुळे फोडून काढतात. तिथे ते वर्षभर थोडेथोडे चालते आणि त्याला दंवाची आणि खाऱ्या वाऱ्याची साथ असते. म्हणून, लाकूड आणि शिसे काढून नेणाऱ्यांनी भिंतींना हात लावला नसता तरी त्यांचे भवितव्य त्याच दिवशी ठरले होते. तोफेचा गोळा एक भोक पाडतो आणि ते बुजवता येते, छप्पर काढल्यावर मात्र सगळ्याच भिंती एकाच वेळी उघड्या पडतात.

मग त्या इतक्या चांगल्या का उरल्या? याचे एक कारण आपण छायाचित्रांत पाहिलेल्या खिडक्यांत आहे. कोपऱ्यांचे आणि चौकटींचे घडीव दगड ज्या इमारतींतून काढून नेले जातात त्या लवकर कोसळतात, आणि इथे ते बऱ्याच ठिकाणी जागेवर राहिले. खडकावरून दगड खाली उतरवून पुन्हा समोरच्या चढावर नेण्याचे कष्ट पाहता शेजारच्या शेतकऱ्यांना ते परवडले नसावे, असा माझा तर्क आहे. दुसरे कारण विसाव्या शतकातले. १९१९ मध्ये काउड्री घराण्याने ही मालमत्ता घेतली आणि पहिल्या लेडी काउड्री यांनी १९२५ पासून पद्धतशीर दुरुस्ती सुरू केली. भिंतींचे माथे बंद करणे, दगडांमधल्या सुटलेल्या सांधी भरणे, ढासळू पाहणारे भाग बांधून घेणे, हे काम त्या वेळी झाले नसते तर आज आपण ज्याचे कौतुक करतो त्यातले पुष्कळ खाली समुद्रात असते. वाड्यातल्या बैठकीच्या एका दालनावर त्याच काळात पुन्हा छप्पर घालून कोरीव लाकडी छत बसवले गेले. त्या दालनात जाऊन मग शेजारच्या उघड्या दालनात उभे राहावे. छप्पर काय राखते, ते भिंतीच्या पृष्ठभागावरून हाताला कळते.

समुद्राला मात्र मी पूर्ण निर्दोष मानत नाही. हा खडक जुन्या तांबड्या वालुकाश्माच्या काळातला आहे, पण सलग वालुकाश्म नव्हे. प्राचीन नद्यांनी आणलेले वाटोळे गोटे वाळूच्या गिलाव्यात घट्ट बसून झालेला, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा दिसणारा हा खडक आहे. डोंगराळ आणि सखल स्कॉटलंडला विभागणारा भूस्तरभंग स्टोनहेवनच्या अगदी उत्तरेला समुद्रात उतरतो, तेव्हा या किनाऱ्यावर खडकांचे थर तिरपे उभे राहिलेले आपल्याला दिसतील. गोटे कठीण आहेत, त्यांना धरणारा गिलावा तुलनेने मऊ. लाटा आणि दंव गिलावा पोखरतात आणि गोटे एकेक करून सुटतात. सुमारे ५० मीटरच्या कड्यावर ही क्रिया दोनचारशे वर्षांत किल्ला गिळण्याइतकी वेगवान नाही. पण हजार-दीड हजार वर्षांचा विचार केला तर चित्र बदलते.

याचा पुरावा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. डनॉटरच्या थोडे उत्तरेला डनिकेअर नावाचा एक सुटा सुळका समुद्रात उभा आहे. त्याच्या माथ्यावर १८३२ मध्ये पिक्ट या प्राचीन स्कॉटलंडमधल्या लोकांचे चिन्हांकित दगड सापडले होते, आणि २०१५ पासून ॲबरडीन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी दोर लावून वर चढून उत्खनन केले, तेव्हा तिथे तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या कोटाचे आणि चुलींचे अवशेष मिळाले. आज त्या सुळक्यावर एखादे घरही नीट मावणार नाही. त्या काळी तो जमिनीला जोडलेला रुंद भुशिर असला पाहिजे; बाकीचा भाग समुद्राने नेला. डनॉटर बांधणाऱ्यांना अधिक रुंद खडक लाभला, एवढाच फरक आहे.

पाण्याविषयी: वाड्याच्या चौकाच्या मधोमध दगडाने बांधलेले एक मोठे, खोल, गोल टाके आहे. आपल्या गडांवरच्या टाक्यांची सवय असलेल्या माणसाला ते लगेच ओळखता येईल, फक्त ते कातळात खोदलेल्या चौकोनी टाक्यांहून वेगळे, बांधीव आहे. तिथे वर्षाचे बाराही महिने थोडाफार पाऊस असतो, त्यामुळे आपल्याप्रमाणे आठ महिन्यांचा साठा करण्याची गरज नव्हती; सत्तर माणसांच्या शिबंदीला असे टाके भरपूर झाले असणार. १६५२ मध्ये किल्ला पडला तो तहानेने पडला नाही.

उत्तरेचा वारा

मी बरीच वर्षे ॲबरडीनमध्ये राहते आणि आमच्याकडे भारतातून कोणी आले की त्यांना डनॉटरला घेऊन जाणे ठरलेले असते. वरच्या दोन्ही उत्तरांनंतर इतिहासाचे आणि बांधकामाचे फारसे सांगण्यासारखे उरलेले नाही, पण एका जागेचा उल्लेख नुसता ‘तुरुंग’ एवढाच झाला आहे, आणि माझ्या दृष्टीने डनॉटरला जाऊन तेवढी एक जागा पाहिली तरी पुरे.

वाड्याच्या ईशान्येकडच्या सोप्याखाली एक लांबट कमानी तळघर आहे. साधारण १६ मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद. त्याला ‘व्हिग्ज व्हॉल्ट’ म्हणतात. १६८५ च्या मे महिन्यात त्यात १६७ माणसे कोंडण्यात आली, १२२ पुरुष आणि ४५ स्त्रिया. ती चोर-दरोडेखोर नव्हती. धर्माच्या बाबतीत राजा श्रेष्ठ असल्याचे मान्य करणारी शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला होता. त्यांना कॉव्हेनंटर म्हणत. दक्षिण स्कॉटलंडमधून त्यांना पायी हाकत इथवर आणले होते. जुलैच्या अखेरीपर्यंत ती त्या तळघरात, पायाखालच्या चिखलात, बसायलाही जागा नाही अशा दाटीत राहिली. समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीतून पंचवीस जण कड्यावर उतरले. त्यांतले पंधरा पुन्हा पकडले गेले आणि दोघे पडून मेले. काहींनी अखेर शपथ घेऊन सुटका करून घेतली. उरलेल्यांपैकी बहुतेकांना जहाजात घालून अमेरिकेत न्यू जर्सीला धाडले, आणि त्या प्रवासात सुमारे ७० जण दगावले.

हे सगळे वाचून तळघरात गेले की ती खिडकी पाहावी. ती चांगली मोठी आहे आणि तिच्यातून समुद्र फार सुंदर दिसतो. बहुतेक प्रवासी तिथे छायाचित्र काढतात आणि निघून जातात. त्यांना दोष नाही, कारण फलकावर मजकूर थोडा आहे. पण माझी विनंती आहे की आपण किल्ला पाहून झाल्यावर किनाऱ्यापासून आत, गर्द झाडीच्या कडेला असलेल्या डनॉटरच्या जुन्या चर्चच्या आवारातही जावे. तिथे या कैद्यांचा एक साधा थडग्याचा दगड आहे. त्यावर मेलेल्या नऊ जणांची नोंद आहे, आणि नावे फक्त पाच जणांची. बाकीच्यांपैकी एकाचे नाव मिळाले नाही, दोन स्त्रियांची नावे माहीत नाहीत आणि कडा उतरताना मेलेल्या दोघांपैकी एकाचे नाव ठाऊक नाही, असे त्यात लिहिले आहे. नाव माहीत नसलेल्या माणसांचीही मोजून नोंद ठेवावी असे ज्यांना वाटले, त्यांच्याविषयी मला नेहमी आदर वाटत आला आहे. १७९३ मध्ये, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या वॉल्टर स्कॉटला याच आवारात असे दगड गावोगाव फिरून साफ करणारा आणि अक्षरे पुन्हा कोरणारा एक म्हातारा पाथरवट भेटला होता.

आता जाण्याविषयी. ॲबरडीनहून स्टोनहेवनला रेल्वे आणि बस दोन्ही मिळतात. गाडीने थेट किल्ल्याच्या वाहनतळावर जाता येते, पण शक्य असेल तर बंदरापासून कड्यावरच्या पाऊलवाटेने चालत जावे. वाटेत टेकडीवर पहिल्या महायुद्धातल्या मृतांचे स्मारक लागते. अर्धवट राहिलेल्या गोल देवळासारखे ते मुद्दाम बांधलेले आहे, कारण ज्यांच्या आठवणीसाठी ते आहे त्यांची आयुष्ये अर्धवट राहिली. तिथून पुढे वळण घेतले की किल्ला एकदम समोर येतो. किल्ल्यात शिरण्यासाठी आधी जवळजवळ समुद्राच्या पातळीपर्यंत पायऱ्या उतराव्या लागतात आणि मग दरवाजातून पुन्हा चढावे लागते. उतरणे आणि चढणे मिळून पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर समोरच्या कड्यावरूनही सगळा विस्तार छान दिसतो, हे सोबतच्या मंडळींना आधी सांगून ठेवावे. वारा फार असला की किल्ला बंद ठेवतात. म्हणून निघण्यापूर्वी सकाळी चौकशी करावी आणि बेत एकाच दिवसावर अवलंबून ठेवू नये.

मे महिना आपण अगदी योग्य निवडला आहे. त्या दिवसांत कड्यांवर किटीवेक, गिलेमॉट आणि रेझरबिल या समुद्रपक्ष्यांची वस्ती असते, आणि थोडे दक्षिणेला फाउल्सहफच्या कड्यांवर तर ते फार मोठ्या संख्येने घरटी करतात. दिवस लांबलेला असतो, तेव्हा दोन्ही ठिकाणे एका दिवसात सहज होतात.

दुर्गयात्री

आपण तिघांनीही इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. छप्पर आणि भिंत यांचा संबंध मी किल्ल्यांच्या बाबतीत असा कधी विचारात घेतला नव्हता, आणि आता आपल्याकडचे राजवाडे व सदरा यांचे नुसते चौथरेच का उरतात, याकडेही त्या दृष्टीने पाहावे लागेल. थडग्याचा दगड आणि डनिकेअर दोन्ही बेतात घातले आहेत.

एक गोष्ट अर्धवट राहिली. वेढा पडलेल्या किल्ल्यातून राजचिन्हे बाहेर गेली कशी, आणि ती गेली कुठे? वेढा घालणाऱ्यांना शेवटपर्यंत कळले नाही, हे थोडे नवलाचे वाटते. त्या जागी आज जाता येते का?

बखरवाचक

ती गेली ती बायकांच्या हातून, एवढे निश्चित. तपशिलाच्या मात्र दोन परंपरा आहेत. एका परंपरेनुसार किल्ल्याच्या दक्षिणेला असलेल्या किनेफ गावच्या धर्मगुरूची पत्नी क्रिस्टियन फ्लेचर ही किल्लेदाराच्या पत्नीला भेटण्याच्या निमित्ताने वेढ्यातून परवानगीने आत गेली, आणि तिने व तिच्या दासीने सामानात व कपड्यांत लपवून ती बाहेर आणली. दुसऱ्या परंपरेनुसार ती कड्यावरून दोराने खाली सोडली आणि समुद्रशेवाळ गोळा करण्याचे निमित्त करून आलेल्या एका दासीने ती टोपलीतून नेली. दोन्ही हकिकती संबंधित घराण्यांनी राजा परत आल्यावर बक्षिसाच्या वादात मांडल्या आहेत, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या बाजूचे श्रेय वाढवले असणे स्वाभाविक आहे. चार्ल्सची कागदपत्रे मात्र ॲन लिंडसे नावाच्या एका स्त्रीने अंगावरच्या कपड्यांत शिवून आधीच बाहेर नेली होती.

राजचिन्हे किनेफच्या चर्चच्या जमिनीखाली पुरली होती आणि १६६० पर्यंत तिथेच राहिली. ती दमट मातीत खराब होऊ नयेत म्हणून धर्मगुरू जेम्स ग्रेंजर आणि क्रिस्टियन दर तीनेक महिन्यांनी रात्री ती उकरून काढत, शेकोटीपुढे शेकत आणि पुन्हा पुरत, असे सांगतात. लपवताना तलवारीचे पाते मोडावे लागले होते. तो जोड आजही दिसतो. किल्लेदार ओगिल्व्ही आणि त्याची पत्नी यांनी कैद सोसली, पण जागा सांगितली नाही. खरे तर त्यांच्यापैकी कोणी एक जरी बोलला असता तर मुकुट वितळवला गेला असता, जसा इंग्लंडचा जुना मुकुट वितळवला गेला.

किनेफला अवश्य जाता येईल. स्टोनहेवनपासून दक्षिणेला किनाऱ्याने साधारण १२ किलोमीटर आहे. आज दिसणारी चर्चची इमारत प्रामुख्याने १७३८ ची आहे, पण जागा तीच, आणि आत ग्रेंजर दांपत्याचे स्मारक आहे. मुकुट, राजदंड आणि तलवार एडिंबराच्या किल्ल्यात आहेत. १७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडचे विलीनीकरण झाल्यावर ती तिथल्या एका पेटाऱ्यात कुलूपबंद झाली होती, आणि १८१८ मध्ये तो पेटारा उघडला गेला. वेळ असेल तर क्रम असा ठेवावा: आधी डनॉटर, त्याच दिवशी दुपारी किनेफ, आणि परतीच्या वाटेवर एडिंबरा.